अंजूच्या नावावरची सावड

धारूरच्या घाटाच्या अलीकडं डाव्या हाताला एक कच्ची वाट फुटते आणि बाभळींच्या आडोशानं वर वर चढत उंबरदऱ्याला पोचते. बालाघाटाच्या त्या अंगाला माती थोडी आणि दगड उदंड. पण दगडांच्या सांदीत उगवणारं बारीक गवत मेंढरांना मानवतं, म्हणून कुण्या काळी चालत आलेल्या धनगरांनी तिथं वाडे घातले, बिरोबा मांडला आणि ते तिथलेच होऊन राहिले. सकाळचं ऊन या वाडीला उशिरा भेटतं. आधी ते वरच्या कड्यावर रेंगाळतं, मग सावकाश खाली उतरतं. ते उतरलं की वाड्यातली मेंढरं एका आवाजात ओरडतात आणि दिवसाला सुरुवात होते.

या वाडीत बिभीषण धनगराची अंजू राहते. पोरगी दिसायला चारचौघींसारखी, बोलायला कमी. पण कान असा, की वाडीनं नावाजावा. लहानपणी ती बापामागं माळावर हिंडायची, तेव्हा पलीकडच्या खोऱ्यातून हाक आली की बिभीषण थांबायचा आणि लेकीकडं बघायचा.

"सिदूमामा हाय," ती सांगायची. "पर रागात न्हाई, भ्यालाय. मेंढी अडकली असंल कुठंतरी."

आणि खरंच एखादी मेंढी कपारीत अडकलेली निघायची.

शाळेत मात्र त्या कानाचा उपयोग झाला नाही. तिथं तोंडाला वळण लावायचं चालू होतं. "न्हाई" म्हटलं की गुरुजी छडी टेबलावर आपटायचे आणि अख्खा वर्ग हसायचा. मग अंजू दोन भाषा बोलायला शिकली. ओसरीवर चपला काढाव्यात तशी वाडीच्या वेशीवर एक काढून ठेवायची, दुसरी घालायची. परत येताना उलटं. धारूरला बी.ए. झाली तरी ही काढघाल सुटली नाही.

पुढं काय करायचं हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात अंबाजोगाईला शिकणाऱ्या एका मैत्रिणीनं तिला घरबसल्या करायच्या कामाचं सांगितलं. बंगळुरूची कुठलीशी कंपनी होती. मराठवाड्यातली माणसं फोनवर बोललेली असायची. कुणी पिकाचं सांगतंय, कुणी लेकीच्या बाळंतपणाचं, कुणी नुसताच पत्ता. ते ऐकायचं आणि जसंच्या तसं लिहून काढायचं. माणूस "हाय" म्हणाला तर "हाय" लिहायचं, मध्येच खोकला तर खोकला म्हणून लिहायचं. त्या लिहिलेल्यावरून मशीन माणसाचं बोलणं समजायला शिकणार होतं. अंजूनं परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. ज्या बोलीपायी वर्ग हसला होता, तीच बोली आता कुणाला तरी हवी होती. हे तिला कितीतरी दिवस खरं वाटलं नाही.

लॅपटॉपसाठी बिभीषणनं दोन जातिवंत मेंढ्या विकल्या. शेजारची वत्सलाबाई, तोंडाची मोठी तिखट, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बिभीषणा, मेंढ्या इकून पाटी आणली व्हय रं? आता कर पाटीचं दूध काढायला सुरुवात."

"दूध न्हाई काकू, लोकर काढणार हाय," बिभीषण म्हणाला. "तुमाला घोंगडी करून दिऊ पहिली."

वाड्याला लागून सरकी पेंड ठेवायची एक खोली होती. ती सारवून अंजूनं तिथं टेबल मांडलं. ग्रामपंचायतीकडून वायर ओढून इंटरनेट आणलं. कंपनीचे नियम कडक होते. खातं ज्याचं त्यानंच काम करायचं, खोलीत दुसरं कुणी नको, आणि मधूनमधून कॅमेरा चेहरा मागायचा. चेहरा दाखवला की पुढं जाऊ द्यायचा. पहिले काही महिने काम कच्चं. त्यात खोट निघाली नाही, तर पक्की नेमणूक. तिच्या कामावर देखरेख ठेवणारे हरिओम सर पुण्यात बसायचे, पण मूळचे वडवणीचे. ते म्हणाले होते, "अंजू, तुझ्यासारखा कान आमच्याकडं कुणाचा नाही. एवढा महिना नीट काढ, तू पक्की."

पक्की होणं म्हणजे काय, हे अंजूला नीट माहीत होतं. तिच्या बरोबरीच्या पोरी एकेक करून उजवल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या नवऱ्याच्या जोडीनं कोयता घेऊन उसाच्या फडात होत्या. बिभीषणनं अजून विषय काढला नव्हता. लेक पक्की झाली तर काढणारही नव्हता. "मंग आमी कुणाला इचारायची गरज न्हाई," असं तो एकदा मेंढरांकडं बघत म्हणाला होता.

वत्सलाबाईची नात संस्कृती रोज संध्याकाळी खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. तिचा बाप धुळाजी आणि आई हंगामाला कर्नाटकात ऊस तोडायला गेलेले, पोरगी आजीजवळ राहिलेली. बारावी झाली होती. काम संपलं की अंजू तिला आत घ्यायची, जुने नमुने लावून ऐकायला शिकवायची, लिहायला लावायची. पोरगी चटपटीत निघाली. तिनंही कंपनीत अर्ज केला, परीक्षा झाली, निकालाची वाट बघणं चाललं होतं. खात्याचा परवलीचा शब्द अंजूनं तिच्यापासून कधी लपवला नाही. लपवण्यासारखा तो नव्हताच. अंजूच्या लाडक्या मेंढीचं नाव होतं ते, आणि ती मेंढी वाडीत सगळ्यांना ओळखीची होती.

धुळाजीचा फोन आठवड्याला यायचा. "तुझ्या मायची कंबर धरली, पोरी. मोळ्या उचलाया माणूस न्हाई. तुझं ते काम लागत असंल तर लागू दे, न्हाईतर पुढल्या गाडीनं निघून ये."

"लागंल बाबा. आठ दिवस थांबा," संस्कृती म्हणायची, आणि फोन ठेवला की अंजूकडं बघायची.

*

ज्वारी काढणीला आली, त्या दिवसांत बिभीषण लिंबावरनं पडला. मेंढरांना पाला काढायला आकडी घेऊन वर चढला होता, वाळकी फांदी कडकन मोडली आणि तो खालच्या दगडावर आदळला. खुब्याचं हाड गेलं. जीपमध्ये घालून त्याला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले कागद वाचायला, औषधं आणायला, डॉक्टरांशी बोलायला अंजू पाहिजे होती, म्हणून ती बरोबर गेली. ताराबाई, तिची आई, मागं राहिली. मेंढरं टाकून कुणालाच जाता येत नाही.

वॉर्डात बापाच्या उशाशी बसून अंजूनं हरिओम सरांना निरोप लिहिला, की वडील दवाखान्यात आहेत, हातातली कामाची खेप वेळेत होणार नाही. उत्तर लगेच आलं. "खेप तशीच राहू दे. तुझी रजा मांडली आहे, मुदत वाढवली आहे. वडिलांना बघ." अंजूनं फोन ओढणीत गुंडाळून ठेवला. हे घरी कळवावं असं तिच्या मनातही आलं नाही. कळवण्यासारखं त्यात होतं काय?

ऑपरेशन झालं. बिभीषण शुद्धीवर आल्यावर पहिलं बोलला ते ज्वारीचं. "वाळून चाललीय ती. पाखरं ठिवायची न्हाईत."

"आबा, आता तुमी ज्वारीचं सोडा."

"सोडतो बाई. पाखरांनीच सोडली तर बरं."

*

बापाला घेऊन ती परतली तेव्हा दुपार कलली होती. जीप वाडीत शिरली आणि बिभीषणनं मान वर करून रानाकडं बघितलं. रान मोकळं झालं होतं. कणसं खुडून खळ्यावर पडलेली, कडब्याच्या पेंढ्या बांधून उभ्या केलेल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नवल वाटलं नाही. आपल्याकडं माणूस अंथरुणाला खिळला तर त्याचं रान कुणी पडू देत नाही. बोलवावं लागत नाही. ज्याला जमेल तो विळा घेऊन येतो, भाकरी आपली आपण आणतो. उद्या त्याच्या दारात अडचण आली की आपण जायचं. याला सावड म्हणतात, आणि सावडीचे आभार मानायची पद्धत नाही.

"समदी वाडी आलती," ताराबाई सांगत होती. तिनं नवऱ्याला बाजेवर नीट निजवलं, पायाखाली उशी सारली, मग लेकीकडं वळली. तिचा चेहरा उन्हानं रापलेला होता, पण त्यावर एक वेगळाच उजेड होता. "आन अंजे, तुझं बी काम पडू दिलं न्हाई."

"माझं कंचं काम?"

"त्या मशीनचं गं! संस्कृतीनं केलं. चार दिस बसली पोर. म्या म्हणलं, बापाची ज्वारी काढली तशी लेकीची बी काढा की. तिचं का म्हून पडावं? वत्सलाबाई तिच्या पाठीशी उभी राहून म्हणत हुती, नीट लिव गं, परक्याचं रान हाय."

"माय, ते मशीन... ते मधी चेहरा मागतं."

"मागितला की! पोरगी भ्याली. म्हणली, काकू, ह्ये अंजूताईचं तोंड मागतंय. मंग म्या आणला तुझा फोटू. भिंतीवरचा, बारावीच्या सत्काराचा. धरला त्याच्याम्होरं. पहिल्यांदा घीना, दुसऱ्यांदा बी घीना. तिसऱ्यांदा पदरानं काच पुसली, उजेडाकडं वळून धरला, तवा घेतलं बग मुकाट्यानं!" ताराबाई हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी मोकळी हसत होती. "मशीन असलं म्हणून काय झालं, त्याला बी समजावून सांगावं लागतं."

अंजू खोलीत गेली. लॅपटॉप उघडला. खातं बंद होतं. वर दोन ओळी होत्या, की रजेच्या काळात या खात्यावर दुसऱ्याच व्यक्तीनं काम केल्याचं आढळलं आहे, खुलासा करावा. खाली पुरावा म्हणून कॅमेऱ्यानं टिपलेलं चित्र जोडलेलं होतं.

चित्रात चौकटीतली अंजू होती. गळ्यात शाळेनं घातलेला हार, ओठ घट्ट मिटलेले. आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना दोन हात. हिरव्या बांगड्या, मनगटापर्यंत माती, बोटांवर ज्वारीच्या पात्यांचे ताजे ओरखडे. रानातून धावत येऊन हात न धुताच तिनं तो फोटो धरला होता. अंजू त्या हातांकडं किती वेळ बघत बसली, तिचं तिलाच कळलं नाही.

*

हरिओम सरांचा फोन आला तेव्हा ती वाड्याच्या मागं जाऊन बोलली.

"अंजू, हे काय आहे? मी स्वतः रजा मांडली आणि रजेत तुझ्या नावावर काम? कुणी केलं?"

तिनं सगळं सांगितलं. ज्वारीचं सांगितलं, आईचं सांगितलं. सावडीचंही सांगितलं. मग सर बोलले ते कंपनीच्या भाषेत नाही, वडवणीच्या.

"आमच्याकडं बी हाय गं सावड. आमचे आजोबा गेले तवा आमचं रान गावानं पेरलंय. मला कळतंय समदं. पर वर कुणाला काय म्हणून सांगू? त्यांच्याकडं याला एकच शब्द हाय. तोतया."

अंजूनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐक. तुझ्या नकळत झालं ना हे?"

"व्हय."

"मग तसंच लिही. ज्या मुलीनं केलं तिचं नाव लिही. तुला माहीत नव्हतं हे खरंच आहे, खोटं काही लिहायचं नाही. तुझं खातं सुटतं. पक्कं व्हायला थोडा उशीर लागेल, पण होशील."

"आन तिचं?"

"तिचं नाव कायमचं बंद होईल."

"सर, ती संस्कृती हाय. तिचा अर्ज तुमच्याकडंच हाय."

"माहीत आहे मला." ते थांबले. "पास झालीय ती. दोन दिवसांत कळवणार होतो."

"नाव न्हाई लिवलं तर?"

"तर तूच तिच्याकडून करवून घेतलंस असं धरतील. मग तू गेलीस. तू गेलीस, तुझं ते मशीनही गेलं. त्यावर दुसऱ्या कुणाचं खातंही चालणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत लिहून पाठव. आणि अंजू, डोकं शांत ठेवून लिही. तुझ्यासारखा कान..." त्यांनी फोन ठेवला.

मेंढरं माळावरनं परतत होती. त्यांच्या पायांची धूळ उन्हात तांबडी झाली होती. मेंढरांच्या मागून संस्कृती आली. हातात काठी, केस सुटलेले, डोळे लकाकणारे. आजारी माणसाचं विचारलं, मग जरा घुटमळली.

"ताई, म्या लिवलेलं बरोबर हुतं का? त्या एका म्हाताऱ्याचं लई अवघड हुतं. दात नव्हते त्याला. सात-आठ बारी ऐकलं."

अंजूनं तिच्याकडं बघितलं. सगळ्या जगात या पोरीला एवढाच एक प्रश्न पडला होता.

"म्या बगितलं न्हाई अजून," ती म्हणाली. "पर बरोबरच असंल."

"बाबाचा फोन आलता. उद्या गाडी निघतीया. काय सांगू? निघू, का थांबू?"

मेंढरं वाड्यात शिरली, शेवटची लंगडी मेंढीही शिरली. संस्कृतीनं फाटक ओढून घेतलं आणि पुन्हा तिच्याकडं बघितलं.

"थांब म्हणून सांग," अंजू म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ताराबाईनं खोली झाडायला घेतली, तेव्हा लॅपटॉप उघडाच होता. ती झाडता झाडता थांबली.

"ह्ये तर माझे हात हायेत."

अंजू दारात उभी होती. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं जेवढं सांगता येईल तेवढं सोपं करून सांगितलं. ताराबाई ऐकत गेली आणि हळूहळू खाली बसली. केरसुणी मांडीवर तशीच राहिली.

"म्हंजे, म्या घालवलं तुझं काम."

"न्हाई माय."

"म्याच. फोटू म्याच धरला. पोरगी नको नको म्हणत हुती." तिनं स्वतःच्या तळहातांकडं बघितलं, जणू ते दुसऱ्याचे असावेत. "मला वाटलं, ज्वारीसारखंच हाय."

बाजेवरनं बिभीषणनं सगळं ऐकलं होतं. त्यानं दोघींना हाक मारली. पाय हलवता येत नव्हता, त्यामुळं त्याचा आवाज जास्तच चढला.

"कुंपण असलेल्या रानात मेंढरं घालू न्हाई, ह्ये धनगराला शिकवाया लागत न्हाई. पर कुंपण दिसाया तर पायजे! आता झालं ते झालं. अंजे, तुझा साहेब सांगतोय तसं लिव. तुला ठाऊक नव्हतं ह्ये खरं हाय का न्हाई?"

"खरं हाय."

"मंग खरं लिवायला कसली लाज? दोन मेंढ्या इकल्या म्या. त्या काय फुकट गेल्या?" तो बोलून गेला आणि मग त्यालाच ते लागलं. आवाज खाली आला. "मेंढ्यांचं सोड. मला तुला कोयत्याच्या जोडीत बगायचं न्हाई, पोरी. एवढंच हाय माझं."

"मला ठावं हाय, आबा."

"मंग लिव."

अंजू बाजेच्या कडेवर बसली. "आबा, आपली ज्वारी कुणी कुणी काढली?"

"काढली की समद्यांनी. सिदू, वत्सलाकाकू, खालच्या आळीतली पोरं..."

"तुमाला इचारून शिरले का ते रानात?"

"त्यात काय इचारायचं?"

"उद्या तलाठी आला आन म्हणला, बिभीषण, तुझ्या रानात तू नसताना कोण कोण शिरलं, त्यांची नावं दे, त्यांना धरून न्यायचं हाय. न्हाई दिलीस तर रान जाईल. तर द्याल नावं?"

बिभीषणनं मान भिंतीकडं वळवली. ताराबाईनं पदर तोंडाला लावला. वाड्यात एक कोकरू आईला शोधत ओरडत होतं आणि घरातलं कुणीच त्याला सोडायला उठलं नाही. बिभीषण भिंतीकडं बघूनच बोलला.

"तुझा जीव तुटंल, पोरी. मंग म्हणू नको, बापानं सांगितलं न्हाई."

अंजूनं दुपारी खुलासा लिहिला. तिला दोन्ही भाषा येत होत्या, पण कुठल्या भाषेत लिहावं हे काही वेळ सुचलं नाही. शेवटी गुरुजींनी शिकवलेल्या भाषेत लिहिलं. खातं माझं आहे, खोली माझी आहे, परवलीचा शब्द सांभाळणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. काम दुसऱ्यानं केलं हे खरं आहे. कुणी केलं ते मी लिहिणार नाही. कुणाच्या वाईटासाठी ते झालेलं नाही. एवढंच. पाठवायचं बटण दाबून झाल्यावर तिला एकदम भूक लागली. कालपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

संध्याकाळी हरिओम सरांचा फोन आला. "लिहिलंस तू शेवटी."

"व्हय सर."

"मला वाटलंच होतं." मग ते म्हणाले, "दुसरीकडं काही काम निघालं तर सांगेन." तसं काम निघणार नव्हतं आणि ते दोघांनाही माहीत होतं. तरी अंजू "बरं सर" म्हणाली.

*

बापाचा पाय बरा व्हायला वेळ लागणार होता. अंजूनं आकडी उचलली आणि मेंढरं माळावर घातली. माणसं विचारायची, "मशीन बिघडली व्हय गं?" ती म्हणायची, "बिघडली." बी.ए. झालेल्या पोरीला मेंढरांमागं बघून कुणी हळहळायचं, कुणाला आतून बरं वाटायचं. माळावर वारा सुटला की तिला लांबची बोलणी ऐकू यायची. बोटं आपोआप हलायची आणि मग ती मुठी आवळून घ्यायची. बिभीषणकडं एक-दोनदा पाहुणे येऊन गेले. त्यानं अजून कुणाला होकार दिला नव्हता, नकारही दिला नव्हता. आधी तो नकार द्यायला वेळ लावत नसे.

संस्कृतीला काम लागलं. वत्सलाबाई मूठभर साखर घेऊन आली, ताराबाईच्या तोंडात घातली, अंजूच्या तोंडात घातली.

"लागलं बग बाई आमच्या पोरीला! धुळाजी फोनवर रडला. तुझं गेलं, तिचं लागलं. असतं एकेकाचं नशीब."

ताराबाई काहीतरी बोलणार, तोच अंजूनं आईच्या पाठीवर हात ठेवला. "व्हय आज्जी," ती म्हणाली. "नशीबच."

संस्कृतीला तिनं एवढंच सांगितलं होतं, की माझं काम माझ्या चुकीनं गेलं, परवलीचा शब्द सांभाळला नाही म्हणून. पोरीनं ते खरं मानलं का नाही, कुणास ठाऊक. तेव्हापासून ती अंजूच्या डोळ्यांकडं बघून बोलेनाशी झाली होती.

बचत गटाचा एक कॉम्प्युटर समाजमंदिरात धूळ खात पडला होता. वत्सलाबाईनं गटातल्या बायकांशी भांडून तो नातीसाठी मोकळा करून घेतला. पहिल्या दिवशी संस्कृती अंजूला बोलवायला आली.

"ताई, माझ्याजवळ बस. नुसती बस. मला भ्या वाटतंय."

अंजू गेली. वायर बघितली, खुर्ची भिंतीकडून सरकवून उजेड तोंडावर येईल अशी ठेवली, कानाला लावायचं नीट लावून दिलं. काम सुरू व्हायची वेळ झाली तशी ती दाराबाहेर आली.

"नवा शब्द ठिवलास का?"

"ठिवला."

"मला सांगू नको. कुणालाच सांगू नको. आता दार आतून लाव. आज्जी येऊ दे, माझी माय येऊ दे, उघडायचं न्हाई."

"तू आलीस तर?"

"म्या आले तरी."

संस्कृतीचा चेहरा पडला. तिनं दार लावलं. आतून कडी बसल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं वत्सलाबाई चहा घेऊन आली. दार लावलेलं बघून तिनं कडी वाजवायला हात उचलला, तो अंजूनं धरला.

"नको आज्जी."

"अगं, चहा हाय. पोर एकटी बसलीया आत."

"एकटीनंच बसायचं असतं."

"असलं कसलं बाई काम," म्हातारी म्हणाली, "जिथं चहा द्यायला बी माणूस चालत न्हाई." पण ती पायरीवर टेकली. अंजूही टेकली. दोघींनी तो चहा अर्धा अर्धा प्यायला. समोरच्या माळावर सिदू अंजूची मेंढरं राखत होता, तासाभरासाठी.

आणि मग आतून हाक आली.

"अंजूताई! ए ताई! ह्यो माणूस काय म्हणतोय, एक शब्द कळंना. एकदा ऐकतीस का?"

अंजू अर्धी उठली. तिचा हात दाराच्या दिशेनं गेला.

"अगं, बोलवतीया ती तुला," वत्सलाबाई म्हणाली. "बहिरी झालीस का काय?"

"ताई!" पुन्हा आवाज आला. "हायस का तिथं?"

अंजूनं हात मागं घेतला. पायऱ्या उतरली, आणि आतली हाक ऐकू येणार नाही इतकी लांब चालत गेली.